सूचना : अनोळखी वर्ड-एक्सेल फाइल उघडू नका

सभासदहो, नमस्कार.

रिटर्नचे दिवस आहेत, ‘इनव्हॉइस’ नावाच्या फाइल ढिगाने येतात. वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमधल्या (गणिती सूत्रे लिहिण्याची सोय), २०१७ साली दुरुस्त झालेल्या दोषात मॅक्रोचीही (फाइलमधल्या छोट्या प्रोग्रामचीही) गरज नव्हती. फाइल उघडली की हल्लेखोराचा कोड चालू. २०२२ च्या ‘फोलिना’ नावाच्या विंडोजमधल्या दोषात तर आरटीएफ (वर्डमध्ये उघडणाऱ्या एका प्रकारच्या) फाइलचा नुसता प्रिव्ह्यूही पुरे होता.

- शुक्रवारपर्यंत सर्वांनी विंडोज आणि ऑफिस अपडेट करावे.
- ऑफिस २०१६, २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते वापरणाऱ्यांनी शनिवारी सायंकाळी ५ वाजता लॅपटॉपसह कार्यालयात यावे.
- फाइलच्या वर दिसणारे ‘एनेबल एडिटिंग’ बटण दाबण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा. ईमेलवर विचारू नका. खातेच हॅक झाले असेल तर उत्तर ‘हो’च येणार!

चुकून अशी फाइल उघडलीच, तर इंटरनेट तोडून लगेच कळवा. कुणी रागावणार नाही.

– सचिव