नवी गाडी अजून का घेतली नाही, याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, गाडीसाठी तुम्ही पाठवलेले पैसे मी तुमच्या खात्यात परत भरले आहेत. हे फोनवरही सांगता आले असते, पण तुम्ही नुसते "बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता आणि मला रात्रभर झोप लागली नसती, म्हणून पत्र लिहिते आहे. डिझेलची नवी पिकअप मी घेत नाही. मला विजेवर चालणारी हवी आहे आणि आपल्या कामाला पुरेल अशी बेताच्या आकाराची अजून बाजारात यायची आहे, तेव्हा थांबायचे ठरवले आहे. मी तुमची मदत नाकारली असे मात्र मनात आणू नका. ती गाडी येईल तेव्हा मी हक्काने तुमच्याकडेच हात पसरणार आहे.

एफ-150 लाइटनिंग या विजेवरच्या पिकअपचे उत्पादन बंद करत असल्याचे फोर्डने डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केले, त्या बातमीचे कात्रण मिळाले. कडेला पेन्सिलीने काढलेले एवढे मोठे उद्गारचिन्ह पाहून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. अशी गाडी खरोखर येईल का, ही तुमची शंका रास्त आहे. टेस्लाने विजेवरचा सायबरट्रक नोव्हेंबर 2019 मध्ये लोकांना दाखवला आणि पहिल्या गिऱ्हाइकांच्या हाती पडायला नोव्हेंबर 2023 उजाडला, हेही मी विसरलेले नाही. पण लाइटनिंग भली मोठी गाडी होती, तिच्या मोठ्या बॅटरीत 131 युनिट वीज मावत असे. आपल्या रोपवाटिकेला एवढा डोलारा कशाला? आपली धाव दिवसाला फार तर 80 किलोमीटर, आणि रात्रभर गाडी दारातच उभी. फोर्डनेच 2027 साठी मध्यम आकाराची पिकअप जाहीर केली आहे, तिच्यात लोह-फॉस्फेटची बॅटरी असणार आहे. या बॅटरीत तेवढ्याच वजनात वीज कमी साठते, पण ती जास्त वर्षे टिकते आणि रोज पूर्ण चार्ज केली तरी तिला फारसे बाधत नाही. मागे उंच ट्रेलर जोडला की एका चार्जमध्ये जाणारे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते, हे तुमचे म्हणणे खरे आहे. आपला ट्रेलर वर्षातून दोनदा बाहेर निघतो, एवढेच माझे त्यावर उत्तर.

खरे कारण आई आहे. पहाटे तिच्या खिडकीखाली गाडी सुरू होते आणि धूर आत जाऊन तिला खोकल्याची उबळ येते, हे ती तुम्हाला सांगत नाही. शिवाय मागच्या पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि तिचे नेब्युलायझर अर्ध्यावर बंद पडले, तेव्हा मी जवळ नव्हते. लाइटनिंगच्या सॉकेटांतून 9.6 किलोवॉटपर्यंत वीज घेता येत असे. त्यापुढे नेब्युलायझर म्हणजे किस झाड की पत्ती! असे सॉकेट जिच्या हौद्यात नसेल ती गाडी मी घेणारच नाही. बाबा, विजेवरच्या गाडीला क्लच नसतो, त्यामुळे डाव्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती मिळेल. आईला चढता यावे म्हणून पायरी आणि धरायला दांडी मी आधी बघेन, बाकीचे नंतर.

लहानपणी मी तुमच्या मांडीवर बसून किल्ली फिरवायला अधीर झालेली असायची आणि तुम्ही माझी बोटे मुठीत धरून ठेवायचात. "कॉइल तापू दे. पिवळा दिवा गेला की मग." थंडीत डिझेल गाडीचा तो दिवा जाता जात नसे, आणि तुमच्या स्वेटरला रोपांच्या ओल्या मातीचा वास येत असे. बाबा, आताही मी त्या दिव्याकडेच बघत बसले आहे, एवढे समजून घ्या. 2028 संपेपर्यंत मनासारखी गाडी आली नाही, तर तुम्ही म्हणाल ती निमूटपणे घेईन.

तोवर जुनी गाडी सांभाळायची आहे. पुढची ब्रेक पॅड्स या महिन्यात बदलून घ्या, "अजून चालतील" हे ऐकून घेतले जाणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होईपर्यंत अंधार पडल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तुमच्या हाताविषयी मला कधीच शंका नव्हती, समोरून येणाऱ्यांच्या प्रखर दिव्यांविषयी आहे. कुंड्या उचलून हौद्यात चढवायच्या नाहीत; मुलगा येईपर्यंत पाच मिनिटे थांबलात तर रोपे वाळत नाहीत. आई, पहाटे गाडी निघेपर्यंत तुझी खिडकी बंद ठेव आणि नेब्युलायझरची वेळ चुकवून "आज बरं वाटतंय" असे मला सांगू नकोस.

गाडीची दुसरी किल्ली मी गेल्या खेपेला उचलून ठेवली आहे. ती कुठे आहे हे आईला ठाऊक आहे. बाबा, तिला विचारू नका.

तुमची लाडकी,
छोटी