मण्यांचा रिपोर्ट मोबाइलवर, माणसाचा बाइंडिंगला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात पान चारवर आपल्या प्रतिनिधीने त्या आंतरशाखीय परिषदेचे जे गुणगान केले आहे, ते वाचता वाचता माझा चहा गार झाला. आरोग्य, पर्यावरण, तंत्रज्ञान, व्यवस्थापन आणि कायदा अशा पाच शाखा म्हणे 'एका छताखाली' आल्या. छत होते, हे खरे. फोटोत समई एक आणि तिच्याकडे मेणबत्ती घेऊन सरसावलेले हात अकरा, हेही खरे. बाकीच्या मजकुराबद्दल मला थोडे बोलायचे आहे. काल रात्रीच लिहिणार होतो, पण बायको म्हणाली की झोप, सकाळपर्यंत राग उतरेल. उतरला नाही.

मी संशोधक नाही. कॉलेज रोडला माझे झेरॉक्स, डीटीपी आणि बाइंडिंगचे दुकान आहे, सत्तावीस वर्षे झाली. या परिषदेची प्रमाणपत्रे माझ्याकडेच छापली. पैसे अजून यायचे आहेत, पण ती तक्रार आपल्याकडे करत नाही. सांगायचे इतकेच की 'उत्कृष्ट सादरीकरणा'ची पाच प्रमाणपत्रे, प्रत्येक शाखेचे एक, विजेत्यांच्या नावांसकट शनिवारी दुपारीच माझ्या दुकानातून गेली. परिषद सुरू झाली रविवारी सकाळी. आपल्या बातमीत 'चुरशीच्या स्पर्धेतून निवड' असे शब्द आहेत. चुरस असेलही, शुक्रवारी झाली असेल.

आपण म्हणाल, बाइंडरने बाइंडिंग करावे, आतले वाचू नये. पण पाने लावताना क्रम पाहावाच लागतो, आणि क्रम पाहताना डोळा पडतोच. काळे रेक्झिन आणि त्यावर सोनेरी अक्षरे चढली की सगळे प्रबंध सारखेच दिसतात. ते सारखे नाहीत, हे गाईडसरांच्या आधी मला कळते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालते. तेव्हापासून माझ्याकडे मुले येतात ती जिममध्ये आल्यासारखी. "काका, चौतीस टक्के आलंय, दहाच्या आत आणायचंय." मी हे काम घेत नाही. एकदा घेतले होते, लाज वाटते, पण मुलाची फी भरायची होती. वाणिज्य शाखेचा मराठी प्रबंध होता. शब्द बदलत बदलत त्या पोराने आणि मी मिळून 'कांदा निर्यातबंदी'चे 'पलांडू परदेशगमन मनाई' करून टाकले. साम्य सात टक्क्यांवर आले. तोंडी परीक्षाही पार पडली. म्हणजे एक तर परीक्षकांना पलांडू माहीत होता, नाही तर त्यांनी ते पान उघडलेच नव्हते.

2015 च्या सिंहस्थानंतर दीड वर्ष माझ्या दुकानातही कुंभमेळाच भरला होता. कुंभ आणि साथरोग, कुंभ आणि गोदावरी, कुंभ आणि मोबाइल ॲप, कुंभ आणि लॉजचा धंदा, गर्दीच्या जबाबदारीचा कायदा. झाल्या ना आपल्या पाच शाखा? आता 2027 येतेय, मी रेक्झिनचा रोल जास्तीचा मागवून ठेवतो. त्यातल्या एकाही प्रबंधाचे एक पानसुद्धा पंचवटीतल्या कोणा दुकानदाराला किंवा रामकुंडावरच्या गुरुजींना कोणी नेऊन दिल्याचे मी ऐकलेले नाही. प्रश्नावल्या मात्र त्यांच्याकडूनच भरून घेतल्या होत्या.

पण मी हे पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. तीन एकर. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका वैद्यकीय महाविद्यालयाची मुले गावात आली. इथले की बाहेरचे ते सांगत नाही, शोधत बसू नका. फवारणी करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी होती. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके अंगात गेली की रक्तातले कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम खाली येते, ते मोजायचे. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली, तात्यांनी बाही वर केली, रक्त दिले, कागदावर सही केली. मुलांना चहा पाजला आणि वर पिशवीभर द्राक्षेही दिली. पुढे रिपोर्टचे काय झाले म्हणून तात्यांनी दोनदा फोन केला. "प्रोसेसमध्ये आहे," असे उत्तर आले. मग फोन लागेनासा झाला.

दीड वर्षाने एक मुलगा माझ्या दुकानात चार प्रती हार्ड बाइंडिंगला टाकून गेला. मी पाने लावत होतो. परिशिष्ट दोनमध्ये संमतिपत्राचा कोरा नमुना होता, चांगल्या मराठीत, त्यात ओळ होती की 'आपल्या तपासणीचा अहवाल आपणांस विनामूल्य कळविण्यात येईल'. परिशिष्ट चारमध्ये आडवा तक्ता. नावे नाहीत, नुसते क्रमांक. गावाचे नाव होते, वय, किती एकर, किती वर्षे फवारणी, हातमोजे आहेत की नाहीत. आणि सवयींचा रकाना. गावात सगळे तंबाखू खातात, म्हणून तो रकाना वरपासून खालपर्यंत एकसारखा होता. चौसष्ट क्रमांकासमोर मात्र 'स्नफ' लिहिलेले. आमच्या गावात तपकीर ओढणारा माणूस एकच उरला आहे. वय बरोबर, तीन एकर बरोबर. शेवटच्या रकान्यातल्या आकड्यावर बारीक फुली होती आणि तळाला फुलीचा अर्थ दिला होता: संदर्भमर्यादेपेक्षा कमी.

दोन परिशिष्टांच्या मध्ये मोजून एकोणीस पाने होती.

मुलगा प्रती न्यायला आला तेव्हा मी विचारले. वाईट पोरगा नव्हता, गोंधळला. "काका, डेटा कोडेड असतो, कोण कुठला ते आम्ही परत शोधत नाही." मी म्हटले, अरे, मी बाइंडर असून पाच मिनिटांत शोधला. त्यावर तो म्हणाला की सबमिशनची शेवटची तारीख उद्या आहे. त्याचेही खरे होते. एम.डी.ला प्रबंध दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि तीन वर्षे वॉर्डात राबणाऱ्या पोराने प्रबंध कधी करायचा हे त्याला कोणी सांगत नाही. मी त्याच्यावर रागावलो नाही. ज्यांच्या सह्या पहिल्या पानावर होत्या, त्यांच्यावर रागावलो. पण ते दुकानात येत नाहीत, शिपाई पाठवतात.

तात्यांना फोनवर सांगितले. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मण्यांचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, अन् माझा बाइंडिंगला गेला का रे?"

हे वाक्य द्राक्षवाल्यांना लगेच समजेल, शहरातल्यांसाठी फोडून सांगतो. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी लागते, प्लॉटला नंबर मिळतो, अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत तो चढतो आणि काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो. कोणत्या औषधाचा अंश किती, सगळे कागदावर येते. 2010 साली सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे, अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला होता, त्या वर्षी कोणाचे किती बुडाले हे निफाड-दिंडोरीत अजून लोक तोंडपाठ सांगतात. तेव्हापासून मण्याची काळजी कडक झाली. घ्यावीच, माल विकायचा आहे. पण तो मणी ज्याने पाठीवर पंप घेऊन वाढवला, त्याच्या रक्ताची तपासणी पहिल्यांदा झाली ती एका प्रबंधासाठी आणि उत्तर गेले कपाटात.

तात्यांनी नंतर गावातल्या डॉक्टरांना दाखवले. पण फवारणी थांबली की ते एन्झाइम हळूहळू सावरते, त्यामुळे दीड वर्षाने तपासून काय कळणार? तात्या आता औषध मारत नाहीत, पुतण्या ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवतो. तोंडाला रुमाल बांधतो, तोही मी शंभरदा सांगितल्यावर.

आता कोणी म्हणेल, 'शोधगंगा' या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचायला मिळतात की. मिळतात, सरकारने हे चांगले केले. शिवाय नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, सुमारे 13,000 जर्नल्स सरकारी संस्थांतल्यांना वाचायला खुली. हेही चांगलेच. फक्त त्या संस्थांत तात्या बसत नाहीत. आणि बसले असते तरी इंग्रजीतली सव्वाशे पाने चाळून आपला चौसष्ट नंबर त्यांनी शोधायचा होता काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती माणसाला समजेल अशा भाषेत घ्या, असे सांगितले आहे. ती बरोबर मराठीत घेतली जाते. निकाल मात्र इंग्रजीत लागतो.

सगळेच तसे नाहीत, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. एक मुलगी होती, पर्यावरणाची. वर्षभर स्कूटीच्या पायाशी बर्फाचा डबा ठेवून सोमेश्वरपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत गोदावरीचे नमुने गोळा करत होती. दुकानात यायची तेव्हा हाताला नदीचा वास यायचा. प्रबंध बांधून झाल्यावर तिने वेगळा एक कागद टाइप करून घेतला, मराठीत, ठळक अक्षरांत: कोणत्या गावाशी, कोणत्या महिन्यात पाणी कसे होते आणि त्यात गुरे न्यावीत की नाही. वीस झेरॉक्स काढल्या आणि स्वतःच्या पैशाने सायखेड्यापर्यंतच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लावून आली. तिच्या गाईडने विचारले म्हणे, याचे पॉइंट्स मिळतात का? नाही मिळत. आपल्या परिषदेत तिचे नाव मी छापलेल्या एकाही प्रमाणपत्रावर नव्हते.

म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ, गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठ, शिवाय कॉलेजे तर गल्लोगल्ली. या सगळ्यांना मिळून माझी एकच मागणी आहे. प्रबंधाच्या चार प्रती जमा होतात, तशी पाचवी एक पानाची प्रत सक्तीची करा. मराठीत. ज्या गावातून रक्त, पाणी, माती किंवा भरलेल्या प्रश्नावल्या आणल्या, तिथल्या फळ्यावर ती लागली पाहिजे, आणि ज्याचा रिपोर्ट मर्यादेबाहेर आहे त्याला तो त्याच आठवड्यात हातात मिळाला पाहिजे. तो एक कागद माझ्या दुकानात कोणालाही फुकट छापून मिळेल. ए-फोर, काळापांढरा. रंगीत मागू नये.

आपल्या प्रतिनिधीलाही एक विनंती. पुढच्या परिषदेला जाताना मेणबत्त्या मोजण्याऐवजी एका तरी वक्त्याला विचारावे, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना काय कळवले? उत्तर आले तर ते चौकटीत छापा. नाही आले तर चौकट कोरी सोडा.

माझे नाव छापू नये, गिऱ्हाईक तुटेल.

आपला,
एक बाइंडर, कॉलेज रोड, नाशिक

ता. क. लासलगावचे कांद्याचे भाव आपण गेल्या महिन्यापासून इतक्या बारीक टाइपात छापता की तात्यांना भिंग लागते. पूर्वी आठ पॉइंट होता, आता सहावर आणला आहे, माझा डोळा या बाबतीत चुकत नाही. त्याच पानावर कोचिंग क्लासची जाहिरात मात्र अर्धे पान खाते. परिषदेची बातमी दोन स्तंभांनी कमी केली असती तर भाव दहा पॉइंटात बसले असते.