शाळांतले संगणक भंगारात काढण्याआधी : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते आणि शाळेची संगणक खोलीही सांभाळते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित अपडेट्स बंद केली. तेव्हापासून माझ्यासारख्या अनेक शिक्षकांपुढे प्रश्न आहे, की या संगणकांचे आता करायचे काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचे संगणक चौथ्या पिढीचे आय-थ्री. कुणी लोकवर्गणीतून घेऊन दिले, कुठल्या तरी कार्यालयाने बदलले म्हणून काही आमच्याकडे आले. कीबोर्डवरची अक्षरे पुसत आली आहेत, पण बटण दाबले की यंत्र सुरू होते. पैसे भरून अपडेट्सची मुदत वाढवता येते, पण तीही ठरावीक काळापुरतीच.

आता निर्लेखनाचे, म्हणजे हे संगणक भंगारात काढण्याचे, प्रस्ताव जातील आणि नव्या खरेदीच्या निविदा निघतील. त्याआधी आपण हे वाचावे, म्हणून लिहिते आहे.

याच जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत, मुक्तस्रोत (जिचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो अशी) प्रणाली चालते. तिच्या 'मिंट' प्रकाराची हलकी आवृत्ती तर व्यवस्थित चालते. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर सातवीची मुले जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढतात. शिरोबिंदू माऊसने ओढला की तिन्ही कोनांचे आकडे भराभर बदलतात आणि बेरीज मात्र १८० वर ठाम. एका मुलीने तो बिंदू इतका ओढला की त्रिकोणाची जवळजवळ रेघ झाली, तरी बेरीज हलेना. "बाई, हा तर ऐकतच नाही!" असे ती ओरडली. या तासासाठी नवा संगणक लागला नाही आणि परवान्यापोटी रुपयाही गेला नाही.

परवान्यांबद्दल स्पष्टच लिहिते. मी पाहिलेल्या कितीतरी शाळांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही फिकट अक्षरे कायमची मुक्कामाला असतात, नाहीतर कुणीतरी 'क्रॅक' मारून ती घालवलेली असतात. ज्या खोलीत आम्ही मुलांना कॉपी करू नका असे सांगतो, तिथेच हे चालते. याचा दोष शिक्षकांचा नाही, कारण शाळेच्या किरकोळ गरजांसाठी मिळणाऱ्या सादिल खर्चातून परवाने घेणे परवडत नाही. लिनक्सची प्रत मात्र मुलाने पेनड्राइव्हवर घरी नेली, काकाच्या जुन्या लॅपटॉपवर टाकली, शेजाऱ्याला दिली, तरी सगळे कायदेशीरच. प्रती वाटण्याची मुभा त्या परवान्यातच दिलेली आहे.

हे कुणी आधी करून दाखवले आहे का, असे आपले अधिकारी विचारतील. केरळने दाखवले आहे. तिथल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने सरकारी आणि अनुदानित शाळा मुक्तस्रोत प्रणालीवर आणल्या. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर आधारलेली, मल्याळम भाषेची सोय असलेली, शाळांसाठीच बांधलेली प्रणाली ते स्वतः तयार करतात. २०१८ पासून 'लिटल काइट्स' या विद्यार्थी मंडळांतली मुले तंत्रज्ञान शिकतात आणि शाळेतली यंत्रेही सांभाळतात. हे एका वर्षात झाले नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, पाठ्यपुस्तके त्यानुसार लिहिली गेली आणि सरकारे बदलली तरी धोरण टिकले. मला त्यातले हे टिकणे सर्वांत मोलाचे वाटते.

केंद्र सरकारचेही २०१५ पासून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण आहे, आणि राज्यांना ते स्वीकारता येते. ज्या राज्यातल्या पुण्यात सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचे मुख्यालय आहे, परम महासंगणकांचे काम जिथे उभे राहिले, त्या राज्याने यात मागे का राहावे?

मराठीचा मुद्दा मला फार जवळचा आहे. आपल्या 'ल' आणि 'श'चे वळण हिंदीपेक्षा वेगळे. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र नीट उमटला नाही, तर पहिलीतले मूल चुकीचेच वळण गिरवणार. बंद प्रणालीत अशी चूक सापडली तर कंपनीला कळवायचे आणि वाट पाहायची. मुक्त प्रणालीत मराठी माणसे ती स्वतः दुरुस्त करू शकतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने मुक्ता आणि बालू हे देखणे फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले आहेत. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरचे मेनू स्वयंसेवकांनी मराठीत आणले आहेत. अभिजात भाषेचा दर्जा मिळालेल्या मराठीत आपल्या मुलांचा संगणक बोलावा, यासाठी कुणाची परवानगी लागू नये.

चावी कुणाच्या हातात, हाही प्रश्न आहेच. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, मग काही दिवसांनी सेवा सुरू झाल्या. ती ईमेलसारख्या सेवांची गोष्ट होती, शाळेतल्या संगणकाची नव्हे. पण सरकारने अवलंबून राहताना याचा विचार करायलाच हवा.

अडचणी आहेत. डिजिटल स्वाक्षरीची काही टोकन लिनक्सवर कटकट करतात, एखादा जुना प्रिंटर अडतो. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा एक संगणक विंडोजवर राहू द्या, माझी हरकत नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या संकेतस्थळासारखी माहिती भरण्याची कामे ब्राउझरमध्येच होतात आणि फायरफॉक्स दोन्हीकडे सारखाच चालतो. खरी अडचण सवयीची आहे. आम्ही शिक्षक विंडोजवरच शिकलो, म्हणून नवे काही उघडायला हात धजावत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. निव्वळ विंडोज ११ चालत नाही या कारणाने कोणत्याही शाळेचा संगणक निर्लेखित करू नये, असे परिपत्रक काढावे. नव्या निविदांत प्रणालीचे ब्रँडनाव न लिहिता कोणते काम व्हायला हवे ते लिहावे. येत्या उन्हाळी सुट्टीत एका जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातून दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, आणि जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा तिथल्या जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकून द्यावे. त्या जिल्ह्यात माझा तालुका असला तर इतर शाळांत जाऊन हे काम करायला मी तयार आहे.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका