आवडत नाही, तरी प्रीती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नाताळ पुरवणीत प्रेमाबद्दल पुष्कळ गोड मजकूर वाचला. त्यावरून एखाद्याला वाटेल, ख्रिस्ती माणसाला सगळेच आवडत असावेत. मी सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, लहानाचा म्हातारा झालो. आमच्यातही अनेकांचे एकमेकांशी पटत नाही!

मराठी बायबलमधला शब्द ‘प्रीती’. मूळ ग्रीकमध्ये तिथे बहुधा ‘अगापे’ येतो, म्हणजे दुसऱ्याचे भले पाहणारे प्रेम. मैत्रीच्या जिव्हाळ्याला ‘फिलिया’ हा निराळा शब्द आहे. (दोहोंतली सीमा ग्रीकमध्येही दर वेळी काटेकोर नाही.) पण ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ ही बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली येशूची आज्ञा आहे, आणि आवडीची आज्ञा कशी देणार? कारले आवडून घे म्हटल्याने आवडत नाही. खा म्हटले तर खाता येते.

‘प्रीती सहनशील आहे’ हा करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय आम्ही लग्नात वाचतो. प्रेषित पौलाने मात्र तो नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही. गट पाडून भांडणाऱ्या, एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेले ते पत्र आहे.

लूकच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी (शोमरोन प्रांतातला माणूस) घ्या. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात जुने वैर. तरी वाटेत लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तो तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि म्हणतो, जास्त लागले तर परत येताना देईन. पुढे दोघांची मैत्री झाली की नाही, येशू सांगत नाही. जखमी माणसाने आभार मानल्याचाही उल्लेख नाही. तो शोमरोन्याला आवडला का, हा प्रश्नच गोष्टीत येत नाही.

आता घरचे सांगतो. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येते. शेजारच्या काकू पाणी आले की थेट नळाला मोटार लावतात आणि आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते. त्या मला आवडत नाहीत. उन्हाळ्यात काका दवाखान्यात होते, काकू त्यांच्यापाशी. पाणी आले रात्री दोनला. मी उठलो, आधी त्यांची दोन पिंपे भरली, मग आमची. मनात माया वगैरे काही दाटून आली नाही. कंबर मात्र दोन दिवस धरली होती.

काका बरे होऊन घरी आले. पुढच्याच पाळीला काकूंनी पुन्हा मोटार लावली. मी दार वाजवून म्हणालो, “काकू, मोटार काढा.” त्यांनी काढली, पण तोंड फिरवून. अजून बोलत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर