बक्षीस ज्युडीलाच!

पुणे

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. "बेटी डेव्हिस आणि ग्लोरिया स्वॉन्सन अशा दोन वाघिणी समोर असताना १९५० सालचं अभिनेत्रीचं ऑस्कर त्या ज्युडी हॉलिडेला देणाऱ्यांची कीव येते," असं तू ठोकून दिलंयस. तू तिचा 'बॉर्न यस्टरडे' बघितलेलाच नाहीस, यावर मी पैज लावायला तयार आहे. तो, डेव्हिसचा 'ऑल अबाउट ईव्ह' आणि स्वॉन्सनचा 'सनसेट बुलेवार्ड', त्या सालचे हे तिन्ही चित्रपट मी नुकतेच ओळीने परत बघितले, कारण आमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रिकेत त्यांच्यावर लिहायचं कबूल करून बसलेय. तिथं जरा सभ्य भाषेत लिहावं लागेल, म्हणून भांडण इथेच उरकून घेते.

आधी तुझ्या वाघिणी. 'ऑल अबाउट ईव्ह'ला १४ नामांकनं होती, 'गॉन विथ द विंड'पेक्षाही एक जास्त. त्यातली चार तर अभिनेत्रींचीच. रंगभूमीवरची बडी नटी मार्गो, म्हणजे डेव्हिस, आणि तिच्या पायाशी येऊन बसणारी आणि हळूहळू तिची जागा बळकावणारी ईव्ह. तुला-मला हे नवीन नाही. आपल्या नाटकाच्या ग्रुपमध्ये विंगेत उभं राहून दुसरीचे संवाद पाठ करणाऱ्या मुली आपण बघितल्यात (नावं घेत नाही, एक तुझ्या नात्यात आहे). बेटी डेव्हिस यात फर्मास आहे, वादच नाही. खरं तर ही भूमिका क्लॉडेट कोल्बर्टची होती. तिच्या पाठीला दुखापत झाली म्हणून ती डेव्हिसकडे आली. पार्टीच्या प्रसंगातला तिचा तो खांदे उघडे टाकणारा झगा आठवतो? झगा मापात बसेना, तेव्हा डेव्हिसने तो स्वतःच खांद्यावरून खाली ओढला, असं सांगतात. तो झगा बेतणाऱ्या एडिथ हेडने त्या वर्षी वेशभूषेची दोन ऑस्कर नेली, एक कृष्णधवल चित्रपटासाठी आणि एक रंगीत चित्रपटासाठी. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना पुढे मिळालं ते याच खात्यातलं. आणि त्याच पार्टीत जिन्यावर बसलेली मेरिलिन मन्रो! एवढीशी भूमिका, पण नजर तिच्यावरून हटत नाही.

पण डेव्हिसच्या तोंडी लेखक-दिग्दर्शक मॅन्किविझने जी वाक्यं दिली आहेत ना, ती कुठल्याही बऱ्या नटीने म्हटली तरी टाळी येईल. श्रेय तिचंच, पण सगळं तिचं नव्हे.

'सनसेट बुलेवार्ड'बद्दल मी जास्त हळवी आहे. मूकपटांची विसरली गेलेली राणी नॉर्मा, म्हणजे स्वॉन्सन, बडा दिग्दर्शक सेसिल बी. डीमिलला भेटायला पॅरामाउंट स्टुडिओत जाते. डीमिल स्वतःच डीमिल झालाय. तो तिला आपल्या खुर्चीत बसवून बाजूला जातो. मागून मायक्रोफोनचा दांडा सरकत येतो आणि तिच्या टोपीवरच्या पिसाला घासून जातो. ती वळते आणि माशी हाकलावी तसा तो हाताने झटकून टाकते. बोलपट आला म्हणून हिचं राज्य गेलं, आणि तो बोलपट हा असा डोक्यावर लोंबतोय! मग वरचा जुना लाइटवाला तिला ओळखतो, झोत तिच्यावर वळवतो, म्हातारे एक्स्ट्रा भोवती गोळा होतात. जरा वेळाने डीमिल झोत परत जागेवर न्यायला सांगतो. संपलं. दिग्दर्शक बिली वाइल्डरने इथे एक शब्दही जास्त खर्च केलेला नाही.

नॉर्माच्या नोकराचं काम करणारा एरिक फॉन श्ट्रोहाइम हा खऱ्या आयुष्यात स्वॉन्सनचा दिग्दर्शक होता. नॉर्मा घरच्या पडद्यावर स्वतःचा जो मूकपट बघते, तो या दोघांचाच, अर्धवट राहिलेला 'क्वीन केली'. म्हणजे आपण स्वॉन्सनला बघताना तिचा सगळा भूतकाळ तिच्या बाजूने काम करत असतो. ज्युडीपाशी असलं काहीही नव्हतं.

आता ज्युडी. भंगाराच्या धंद्यात गब्बर झालेला हॅरी ब्रॉक वॉशिंग्टनला खासदार विकत घ्यायला येतो. सोबत त्याची बाई, बिली, म्हणजे ज्युडी. ही जुनी कोरसमधली मुलगी. त्याच्या कंपन्या हिच्या नावावर, आणि ही न वाचता सह्या ठोकते. चारचौघांत लाज नको म्हणून तो तिला 'शिकवायला' एक पत्रकार ठेवतो. (तो विल्यम होल्डन. त्याच वर्षी नॉर्माच्या तलावात तरंगणारा हाच, इथे चष्मा लावून.) ती शिकते, आणि मग वाचल्याशिवाय सही करत नाही. बस, एवढीच गोष्ट.

यात पत्त्यांचा एक प्रसंग आहे. ती आणि ब्रॉक रमीच्याच जातीचा जिन नावाचा डाव खेळतात. संवाद जवळजवळ नाहीत. ती पानं उचलते, फटाफट लावते, मधेच गुणगुणते, पान टाकते आणि जिंकते. तो चिडतो, ती नव्याने पिसते. तो एवढा मोठा धेंड, पण तिचा पानं लावण्याचा वेगही त्याला झेपत नाही. ही बाई मठ्ठ नाही, हे आपल्याला कुणी न सांगता इथेच कळतं. शिक्षण वगैरे सगळं नंतरचं. शिरीष, एखादं माणूस विचार करायला लागलंय हे चेहऱ्यावर दाखवणं आणि वर दर मिनिटाला हसवणं, हे नॉर्मासारखं जिना उतरताना डोळे वटारण्यापेक्षा अवघड आहे. तू स्वतः फार्समध्ये कसा आपटला होतास ते आठव.

मतं फुटली म्हणून ज्युडी जिंकली, हे तुझ्यासारखे लोक नेहमी सांगतात. डेव्हिस आणि ईव्ह झालेली अ‍ॅन बॅक्स्टर दोघीही एकाच चित्रपटासाठी मुख्य अभिनेत्रीच्या यादीत होत्या, हे खरं. पण अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, तेव्हा हा हिशेब कुणीही कसाही मांडावा. निकालाच्या रात्री, मार्च १९५१मध्ये, ज्युडी आणि स्वॉन्सन हॉलिवूडला नव्हत्याच. दोघी न्यूयॉर्कच्या एका क्लबात एकत्र बसून रेडिओ ऐकत होत्या. नाव पुकारलं गेलं तेव्हा स्वॉन्सन शेजारीच!

आणि पुढचं ऐक. १९५२मध्ये कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून अमेरिकी सिनेटच्या समितीने ज्युडीला चौकशीला बोलावलं. तिने तिथे बिलीचाच भोळसट आव आणला आणि एकाही माणसाचं नाव दिलं नाही. कडक डोक्याची बाई होती. १९६५मध्ये गेली, ४३व्या वर्षी. हे सगळं बक्षिसानंतरचं, म्हणून पुरावा म्हणून धरू नकोस, पण मला ते सोडवत नाही.

तुझ्याकडच्या त्या वाचनालयात डीव्हीडी मिळते का बघ, नाहीतर मी पाठवते. नीलिमालाही बसव, तिचं मत तुझ्यापेक्षा भरवशाचं. यानंतर मी १९५१ सालाला हात घालणार आहे: 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'ला अभिनयाची तीन ऑस्कर, आणि ब्रँडो मात्र बोगार्टकडून हरला. तुझं त्यावर काय म्हणणं आहे ते आधीच कळव, म्हणजे मला विरुद्ध बाजू घेता येईल.

तुझी,
माधुरी