चाकू भेट द्यायचाय, पण कुठला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत भेटवस्तूंच्या पानावर तुम्ही खिशातल्या घडीच्या चाकूंचे फोटो छापले, बघून बरं वाटलं, नाहीतर हल्ली मोबाइलच्या कव्हरपलीकडे कोणी जात नाही. पण तीन चाकू आणि खाली सगळ्यांना मिळून एकच ओळ, 'क्लासिक व्हिंटेज पॉकेट नाइफ'. अहो त्यातला एक ट्रॅपर होता, एक बार्लो, आणि तिसऱ्याच्या मुठीला गोल रिंग स्पष्ट दिसतेय म्हणजे तो ओपिनेल, लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू. तिघांची कामं वेगळी, कोणत्या खिशात मावेल ते वेगळं, आणि ज्याच्या हातात द्यायचा तो माणूसही वेगळा. हे सांगितलं नाही की लोक जो जास्त चकचकीत दिसेल तो उचलतात आणि मग तो ड्रॉवरमधे पडून राहतो.

बहुतेकांची गाडी अडते ती अशी, की "बाबांकडे होता ना तसाच हवाय" एवढंच माहीत असतं. मग विचारलं कसा होता तर उत्तर येतं, तपकिरी मूठ होती. मुठीवरून काही कळत नाही हो, एकच पॅटर्न हाडात, शिंगात, लाकडात, प्लॅस्टिकमधे सगळ्यात मिळतो. बघायचं असतं ते मिटलेल्या चाकूची बाह्यरेषा, पाती किती, आणि ती एकाच टोकाला बसवलीयत की दोन्ही टोकांना. तीन पाती, मूठ थोडी नागमोडी, एका टोकाला लांब टोकदार पातं आणि दुसऱ्या टोकाला दोन छोटी, तर तो स्टॉकमन. अमेरिकेतल्या गुरं पाळणाऱ्यांचा चाकू हा. छोट्या दोघांपैकी एकाची धार सरळ आणि टोक खाली वळून बोथट झालेलं, ते शीपफूट; दुसरं बुटकं गोलसर टोकाचं ते स्पे, ते वासरं खच्ची करायला असायचं (म्हणून टोक मुद्दाम बोथट, जनावर हललं तरी भोसकायला नको). आता शहरात राहणारा माणूस त्या पात्याने पार्सल फोडतो, ते जाऊ दे. दोनच पाती पण दोन्ही लांब आणि एकाच टोकाला, तर तो ट्रॅपर, जनावरांची कातडी सोलणाऱ्यांसाठी बनलेला. एक किंवा दोन पाती आणि मुठीच्या पुढच्या टोकाला धातूचा लांबलचक तुकडा, ज्याला बोल्स्टर म्हणतात, तर बार्लो. हा मूळचा इंग्लंडमधल्या शेफील्डचा, नंतर अमेरिकेत जास्त गाजला.

जुना चाकू हातात असेल तर पातं अर्धं उघडून त्याच्या बुडाशी बघा, जिथे ते मुठीत शिरतं तिथे. भिंग घ्या. तिथे बारीक अक्षरात कंपनीचा शिक्का असतो आणि कधीकधी नंबरसुद्धा. केस या अमेरिकन कंपनीचे चाकू तर यात भारीच, नंबरातच सगळी कुंडली असते. उदाहरणार्थ ६३१८, यातला ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा पॅटर्नचा नंबर, म्हणजे मध्यम स्टॉकमन. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती आणि ५४ म्हणजे ट्रॅपर. आणि १९७० पासून त्यांनी शिक्क्याखाली ठिपके मारायला सुरुवात केली, त्या वर्षी दहा, पुढच्या वर्षी नऊ, असा दरवर्षी एक ठिपका कमी, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या चाकूचं वर्ष ठिपके मोजून सांगता येतं. बाबांचा चाकू हरवला असेल पण कुठे फोटोत दिसत असेल तरी पाती कुठल्या टोकाला आहेत एवढ्यावरून बरंच काम होतं.

फ्रान्समधल्या लायोलची गोष्ट वेगळी. बारीक कमनीय मूठ, पाठीवरच्या स्प्रिंगवर मधमाशीची नक्षी, दिसायला सगळ्यात देखणा आणि भेट म्हणून सगळ्यात जास्त फसवणूक याच्यातच. ते गावाचं नाव आहे आणि वर्षानुवर्षं कोणीही कुठेही ते पात्यावर छापत आलंय. म्हणजे नुसतं नाव आणि माशी बघून घेऊ नका, बनवणारा कोण ते विचारा, आणि पातं मिटलेलं असताना मुठीत मधोमध बसतं का बाजूला घासतं ते बघा. घासत असेल तर तिथेच परत द्या, बॉक्स कितीही भारी असू दे.

आता निवडायचं. माझं स्पष्ट मत, आधी त्या माणसाची नखं बघा. हसू नका. जुन्या पद्धतीच्या चाकूत पातं उघडायला नखाची खाच असते आणि आतली स्प्रिंग जर कडक असेल तर वय झालेल्या किंवा संधिवाताच्या हाताला ते उघडतच नाही, नख तुटतं पण पातं हलत नाही. अशा माणसाला देखणा स्टॉकमन देऊन काय उपयोग? त्याला ओपिनेल द्या. त्यात पाठीची स्प्रिंगच नसते, लाकडाच्या मुठीच्या खाचेत पातं नुसतं घट्ट बसतं आणि उघडल्यावर रिंग फिरवली की लॉक. ही रिंग १९५५ ची, चाकू त्याच्या कितीतरी आधीचा, १८९० च्या सुमाराचा. एकच वैताग, लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं अडकतं, ते द्यायच्या आधी सांगून ठेवा. डावखुऱ्यांसाठी पण खाच कुठल्या बाजूला आहे ते बघायला हवं, बहुतेक चाकू उजव्यांसाठीच बनतात.

पहिल्यांदाच चाकू वापरणाऱ्याला टोकदार पात्याचा देऊ नका, शीपफूट पातं असलेला एकपाती चाकू द्या. आणि हे पण सांगा की स्प्रिंगवाल्या चाकूला लॉक नसतं, पाठीवर दाब पडला की पातं बोटांवर मिटतं. सुतारकाम, पेन्सिली, दोऱ्या असं काहीबाही करणाऱ्याला सरळ धारेचं पातं आवडतं. फळं कापणाऱ्याला पातळ पातं लागतं, जाड पात्याने सफरचंद कापलं जात नाही, फुटतं.

स्टीलचं म्हणाल तर कार्बन स्टीलला धार झकास लागते पण ते काळपट पडतं, ओलं ठेवलं तर गंजतं. पुसून ठेवायची सवय असलेल्यालाच ते द्या, बाकीच्यांना स्टेनलेस. साइज नेहमी मिटलेल्या लांबीत सांगतात, ट्रॅपर साधारण सव्वाचार इंचाच्या आतबाहेर, पीनट नावाचा चिमुकला तीन इंचाच्याही आत. पँटच्या खिशात पूर्ण वेळ बाळगायचा असेल तर सव्वाचार इंच मांडीला टोचतात, पीनट असल्याचं लक्षातही येत नाही. तुमच्या फोटोखाली निदान ही लांबी छापली असती ना, तर अर्ध्या वाचकांचं काम झालं असतं, पुढच्या वेळी तेवढं बघा.

आणि ज्याला द्यायचाय तो परदेशात असेल तर तिथला कायदा आधी विचारून घ्या. ब्रिटनमधे तीन इंचापर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो, पण लॉकवाला सबळ कारणाशिवाय चालत नाही, म्हणजे मी वर सुचवलेला ओपिनेल तिथे उगाच खिशात घेऊन फिरता येणार नाही. विमानाने नेत असाल तर चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत राहिला तर सिक्युरिटीवाले काढून घेतात आणि तो परत मिळेल ही आशा सोडा.

आपला,
एक नियमित वाचक