उन्हाळ्यातल्या काळ्या मातीवर विसंबू नका

महोदय,

इंदूरमध्ये घराचे खोदकाम बहुधा उन्हाळ्यात निघते. त्या दिवसांत काळी माती पहारीलाही दाद देत नाही. ‘जमीन टणक लागली’ म्हणत तीन-चार फुटांवर पाया भरला जातो. पण हा टणकपणा उसना आहे. मातीच्या अतिसूक्ष्म छिद्रांत उरलेले थोडेसे पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते, त्याचे ते बळ. पावसाळ्यात पाणी मुरले की ओढ संपते आणि तेच ढेकूळ बोटाने दाबले जाते.

शिवाय ही माती फुगते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरून ते फाकतात. त्या दाबाला एकमजली घराचे वजन बरेचदा पुरत नाही. कुंपणाची भिंत तर सगळ्यात आधी कलते. हलक्या घराला मजबुतीसाठी फुटिंग (पायाचा जमिनीवर टेकणारा तळ) रुंद करणे इथे अंगाशी येते, कारण दर चौरस फुटावरचा भार घटतो आणि माती ते आणखी उचलते.

माती किती फुगते हे पाया ठरवण्याआधी पाहावे. चाचणी स्वस्त आहे. भट्टीत वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10-10 ग्रॅम माती 100 मिलीच्या दोन नळ्यांत घालायची. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि निदान 24 तास हलवायचे नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे 10 मिली आणि पाण्यात 20 मिली भरली, तर फुगवटा 100 टक्के. एवढ्या फुगणाऱ्या मातीवर साधा उथळ पाया आम्ही कधीच सुचवणार नाही.

अशा जागी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब, घ्यावेत: साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ओल-कोरडीचा खेळ जिथे थांबतो तिथवर, आणि तळाचा फुगीर भाग दांड्याच्या अडीच पट रुंद. त्यांवरच्या बीमखाली सुमारे 8 सेंटीमीटर पोकळी हवी. नेमकी हीच पोकळी खोदलेल्या मातीने बुजवून टाकतात. मग पावसात बीम खालून ढकलला जातो आणि पाइलचा खर्च वाया जातो. जोत्यातही खणलेली काळी माती न भरता मुरूमच कुटून भरावा.

उभ्या घरांसाठी: गच्चीचा पाइप भिंतीच्या बुडाशी सोडू नये, भोवती दीड मीटरची उताराची फरसबंदी करावी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मे महिन्यात सिमेंटने बुजवू नये. पावसात ती मिटू पाहते, मधे सिमेंट अडते आणि शेजारी नवी भेग पडते.

— काही स्थापत्य अभियंते, इंदूर